शंभर हातांचं मोझेक: आराखड्यापासून भिंतीपर्यंत आणि प्रदर्शनापर्यंत

सामूहिक मोझेकवरचं, म्हणजे अनेकांनी टाइल-काचेचे छोटे तुकडे चिकटवून केलेल्या चित्रावरचं, कापड बाजूला झालं की पहिला अर्धा तास लोक चित्र बघतच नाहीत, आपापला तुकडा शोधत असतात. "तो निळा, कोपरा उडालेला, तो माझा," म्हणत बोट थेट भिंतीला टेकतं. मग कधीतरी तीच माणसं दहा पावलं मागे जातात आणि आपला तुकडा माशाच्या शेपटीत बसलाय हे त्यांना दिसतं. जवळून प्रत्येकाचा हात ओळखू यावा आणि लांबून मासा मासाच दिसावा, या दोन्ही गोष्टी एकाच भिंतीवर साधणं हे मोझेक चालवणाऱ्याचं खरं काम आहे. त्यातली बरीचशी मेहनत पहिला तुकडा चिकटायच्या आधीच करावी लागते, म्हणून या लेखातही तयारीला जास्त जागा दिली आहे.

तुम्ही निदान एकदोन छोटी मोझेक स्वतः केली आहेत असं मी धरून चालतो. केली नसतील तर आधी ३० × ३० सेंटिमीटरचं एक करा, अगदी ग्राउट (तुकड्यांमधल्या फटींत भरायचा सिमेंटी लेप) भरून पुसण्यापर्यंत. वीस जणांसमोर उभं राहायच्या आधी ती सवय हाताला लागलेली हवी.

आधी भिंत, मग चित्र

उत्साहात बहुतेक जण चित्रापासून सुरुवात करतात. मी भिंतीपासून करायला सांगेन. भिंत कोणाच्या मालकीची आहे, परवानगी लेखी आहे का, इमारतीची डागडुजी निघाली तर मोझेकचं काय होणार आणि पाच वर्षांनी तुकडा पडला तर तो लावायची जबाबदारी कोणावर, हे चार प्रश्न कागदावर सुटल्याशिवाय पेन्सिल उचलू नका.

मग भिंत तपासा. बोटाच्या पेराने किंवा लाकडी मुठीने सगळीकडे ठोकून बघा. घट्ट गिलावा खणखणीत वाजतो आणि सुटलेला बद्द वाजतो. बद्द वाजणारा भाग फोडून नव्याने गिलावा करावा लागेल, त्याला पळवाट नाही. नवा गिलावा असेल तर त्याला साधारण २८ दिवस मुरू द्या. भिंतीला रंग असेल तर तो खरवडून काढायला हवा, कारण चिकटवणारा मसाला रंगाला धरतो आणि रंग भिंतीला. त्यातला जो दुवा कच्चा तिथून सगळं सुटतं. ओल असेल तर आधी ओलीचं मूळ शोधा. भिंतीत मुद्दाम सोडलेला प्रसरण सांधा असेल तर त्यावरून मोझेक सलग नेऊ नका, चित्र तिथे दोन भागांत तोडा. इमारत हलते, सांध्यावरची टाइल तडकते.

भिंतीची खात्री वाटत नसेल तर मोझेक १२ मिलिमीटरच्या सिमेंट बोर्डांवर करा आणि बोर्ड स्क्रूने भिंतीला जोडा. शाळा, वाचनालय, रुग्णालय अशा ठिकाणी मला हाच मार्ग पसंत आहे. उद्या इमारत पाडायची वेळ आली तरी लोकांचं काम उचलून दुसरीकडे नेता येतं. फक्त वजनाचा हिशेब आधी करा. ६ मिलिमीटर जाडीची टाइल, खालचा मसाला आणि ग्राउट मिळून चौरस मीटरला साधारण २० किलो धरायचे. त्यात बोर्डाचं वजन मिळवा आणि ते स्क्रूंना, भिंतीला पेलेल का ते जाणकाराकडून बघून घ्या.

किती तुकडे, किती माणसं

हा हिशेब न केल्याने अनेक उपक्रम अर्धवट पडतात. २ सेंटिमीटरची चौकोनी टाइल आणि २ मिलिमीटरची फट धरली, तर एका चौरस मीटरमध्ये सुमारे २,०६६ तुकडे बसतात. १ सेंटिमीटरचे तुकडे आणि १ मिलिमीटरची फट घेतली, तर हाच आकडा ८,२६४ वर जातो. तुकड्याची बाजू निम्मी केली की काम चौपट होतं, हे आराखडा मंजूर करणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा.

माझा अंदाज असा असतो: दोन नवखी माणसं मिळून दोन तासांत २ सेंटिमीटरच्या टाइलचा ३० × ३० सेंटिमीटरचा भाग नीट लावतात. भिंत ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच असेल तर असे ६७ भाग होतात. एका सत्रात पाच जोड्या बसल्या तर १४ सत्रं. त्यावर एक तृतीयांश वेळ दुरुस्ती, साफसफाई आणि न आलेल्या माणसांसाठी वाढवून ठेवा. उद्घाटनाची तारीख हा हिशेब झाल्यावर ठरवा.

चित्र अनेक हातांसाठी काढायचं

एकट्या कलाकाराचं चित्र आणि सामूहिक मोझेकचं चित्र यात मूळचाच फरक असतो. दुसरं चित्र चुका पोटात घालणारं हवं. मोठे आकार घ्या, ठळक कडा ठेवा, तपशील कमी ठेवा. आराखडा पोस्टाच्या तिकिटाएवढा करून बघा. तेवढ्यातही आकार ओळखता आला तर तो लांबून दिसेल. मग त्याचा कृष्णधवल फोटो काढा. रंग काढून टाकल्यावर मासा पाण्यात विरघळत असेल, तर भिंतीवरही विरघळणार. मोझेकमध्ये उजेड आणि काळोख यांचा फरक रंगाच्या फरकापेक्षा जास्त काम करतो.

चेहरे शक्यतो टाळा. घ्यायचेच असतील तर डोळे आणि ओठ अनुभवी हातांकडे द्या. अक्षरं असतील तर प्रत्येक रेघ निदान दोन ओळी जाडीची ठेवा, नाहीतर ग्राउट भरल्यावर ती वाचता येत नाहीत.

आता सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट सांगतो, रंगांचे डबे. आराखड्यातल्या प्रत्येक भागाला क्रमांक द्या आणि त्या क्रमांकाचा एक डबा भरा. समजा ७ क्रमांक म्हणजे खोल पाणी. त्या डब्यात गडद निळ्याच्या तीन छटा, थोडा हिरवट निळा आणि मूठभर जांभळे तुकडे मिसळून ठेवा. ७ क्रमांकावर बसलेल्या माणसाने त्या डब्यातला कुठलाही तुकडा कुठेही लावावा. त्याला पूर्ण मोकळीक आहे आणि तरी पाणी पाणीच राहणार आहे. "इथे हाच रंग लाव" असं सांगितलं की माणूस मजूर होतो. "काहीही लाव" म्हटलं की चित्र फिसकटतं. डबा या दोन्हींतून वाचवतो. डबे भरायला मला दोन पूर्ण दिवस लागतात आणि त्यातला एक तासही वाया गेला असं मला कधी वाटलेलं नाही.

दुसरी गोष्ट ओळींच्या ओघाची. मोझेकमध्ये तुकड्यांच्या रांगा कोणत्या दिशेने वाहतात याला इटालियन कारागीर आंदामेन्तो म्हणतात. कपाळावरून रांग आडवी नेली तर चेहरा सपाट दिसतो, वळणाने नेली तर गोलाई येते. आराखड्यावर लाल पेन्सिलीने बाण काढा. आकाराच्या कडेला लगटून जाणारी पहिली रांग जाणत्या माणसांनी आधीच लावून ठेवावी. रोमन कारागीर बारीक तुकड्यांच्या अशा वळणदार कामाला ओपुस वर्मिक्युलाटुम म्हणत, म्हणजे अळीसारखं वळत जाणारं काम. एकदा कड बसली की आतली जागा कोणीही भरली तरी आकार हलत नाही.

हे सगळं नको असेल, तर मोडक्या टाइलांचं त्रेंकादीस करा. बार्सिलोनाच्या पार्क ग्वेलमधला नागमोडी बाक हा त्याचा प्रसिद्ध नमुना. वास्तुकार गाउदीच्या त्या उद्यानाचं काम १९०० ते १९१४ या काळात चाललं आणि बाकावरच्या तुकड्यांची रचना प्रामुख्याने जुजोल या त्याच्या सहकाऱ्याची. फुटक्या, टाकाऊ टाइलांतून ती उभी राहिली आहे. चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंद यांनी फुटक्या कपबश्या आणि बांगड्या अशाच वापरल्या. ते उद्यान लोकांसाठी १९७६ मध्ये खुलं झालं. अनियमित तुकड्यांत कोणाची रांग वाकडी गेली हा प्रश्नच उरत नाही, म्हणून नवख्या हातांना ही पद्धत फार मानवते. मात्र कडा धारदार असतात आणि जाडी कमीजास्त असते. हात लागेल अशा उंचीवर प्रत्येक कड घासून बोथट करावी लागते.

चित्राची विभागणी कशी करावी याचा माझ्या मनातला उत्तम नमुना सान फ्रान्सिस्कोच्या सोळाव्या अव्हेन्यूवरच्या पायऱ्यांचा आहे. एलीन बार आणि कोलेट क्रचर या दोघींनी तो आराखडा केला, तीनशेहून अधिक शेजाऱ्यांनी हात लावला आणि २००५ मध्ये काम पुरं झालं. १६३ पायऱ्या, प्रत्येक पायरीच्या उभ्या बाजूला एक पट्टी. पट्टी एवढी लहान की टेबलावर मावते, तिला स्वतःची सुरुवात आणि शेवट आहे, आणि खालून बघितलं की समुद्राच्या तळापासून आकाशापर्यंत एकच चित्र चढत जातं. तुमच्याकडे पायऱ्या नसतील, पण पट्ट्या, पानं, खवले, पिसं, विटा असं काहीतरी सापडेलच. माणसाला "हे पान मी केलं" असं म्हणता यावं, असा घटक शोधा.

जाळीवर की कागदावर

थेट भिंतीवर लावणं एकट्यादुकट्याला ठीक आहे. वीस माणसं शिडीवर चढवता येत नाहीत, म्हणून काम टेबलावर करून मग भिंतीवर न्यायचं. त्याच्या दोन पद्धती आहेत.

जाळीची पद्धत सोपी आहे. टेबलावर खऱ्या मापाचा आराखडा पसरा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक, त्यावर फायबरग्लासची जाळी, आणि जाळीवर तुकडे सरळ तोंडाने चिकटवा. प्लास्टिक विसरलात तर जाळी आराखड्याला घट्ट चिकटून बसते. डिंक अगदी थोडा, तुकड्याच्या मधोमध एक ठिपका. जाळीची भोकं डिंकाने बुजली, तर भिंतीवरचा मसाला तुकड्याच्या पाठीपर्यंत पोचतच नाही.

डिंकाबद्दल एक कडू अनुभव आहे. सुरुवातीच्या एका उघड्यावरच्या कामात मी नेहमीचा पांढरा डिंक वापरला, तोही सढळ हाताने. दोन पावसाळे गेले आणि खालच्या दोन रांगांतले तुकडे बोटाने ओढले तरी निघायला लागले. साधा पांढरा डिंक वाळल्यावरही पाण्यात पुन्हा मऊ होतो, आणि मी जाळीची भोकं त्यानेच भरून टाकली होती. ज्या मुलांनी ते लावलं होतं त्यांना ते पडताना दिसलं, हे मला आजही टोचतं. तेव्हापासून उघड्यावर किंवा ओलीच्या जागी मी पाण्याला टिकणारा डिंकच घेतो, आणि पातळ सिमेंटी मसाला हाताशी असेल तर जाळीवरही तोच वापरतो.

कागदाची पद्धत उलटी आहे. जाड तपकिरी कागदावर आराखडा आरशातल्यासारखा उलटा काढायचा आणि तुकडे पालथे, खळीने चिकटवायचे. भिंतीवर बसवल्यावर कागद भिजवून सोलून काढला की चित्र सुलट दिसतं. एकोणिसाव्या शतकात इटलीच्या फ्रिउली भागातल्या जानदोमेनिको फाक्कीना याने पॅरिसच्या ऑपेरा गार्निए या नाट्यगृहाची मोझेक अशाच उलट्या पद्धतीने कार्यशाळेत तयार करून बसवली. या पद्धतीत पृष्ठभाग एकदम सपाट येतो, म्हणून जमिनीवरच्या मोझेकला ती उत्तम. पण लावणाऱ्याला आपण काय करतोय ते शेवटपर्यंत दिसत नाही. नवख्या माणसाचा त्यात जीव रमत नाही. म्हणून भिंतीसाठी जाळी, पायाखाली येणाऱ्या कामासाठी कागद, असं मी ठरवून टाकलं आहे.

जाळी कापताना सरळ चौकोनी कापू नका. माशाच्या पाठीवरून, पानाच्या कडेवरून, आकाराच्या रेषेवरूनच कात्री फिरवा. सरळ कापलेला सांधा भिंतीवर नकाशाच्या घडीसारखा उठून दिसतो. प्रत्येक भाग ३० ते ४० सेंटिमीटरचाच ठेवा, त्याहून मोठा उचलताना मुडपतो. पाठीमागे क्रमांक आणि वरची बाजू दाखवणारा बाण काढा. तेच क्रमांक आराखड्याच्या एका प्रतीवर लिहून ती प्रत सुरक्षित ठेवा.

कापणं

टाइल कापायची पक्कड हातात दिली की प्रत्येक जण तिचा पूर्ण जबडा टाइलवर ठेवतो आणि जोर लावतो. टाइलचा चुरा होतो. पक्कड दांड्याच्या टोकाला धरायची, जबडा टाइलच्या कडेवर फक्त दोनतीन मिलिमीटर टेकवायचा, ज्या दिशेने तडा जायला हवा त्या दिशेला जबडा रोखायचा आणि हलकेच दाबायचं. टक् असा एकच कोरडा आवाज येतो आणि तडा कडेपासून पलीकडे आपोआप धावत जातो. ताकद लागत नाही. दहा तुकडे फुकट गेल्यावर अकराव्याला हे हाताला समजतं, म्हणून शिकायला रद्दी टाइल वेगळ्या ठेवा. काचेच्या टाइलला दोन चाकांची पक्कड हवी.

डोळ्यांवर चष्मा लावल्याशिवाय कोणीही कापायचं नाही. शेजारी बसलेल्यालाही चष्मा हवाच, कारण कपची समोरच्यापेक्षा बाजूच्याच्या डोळ्यात जाते. लहान मुलांना कापायला देऊ नका, त्यांच्या डब्यांत तयार, कडा घासलेले तुकडे ठेवा. टेबलावरचा चुरा कोरड्या झाडूने कधीच झाडू नका. सिरॅमिकच्या धुळीतली सिलिका फुफ्फुसात जाते. ओल्या स्पंजाने टिपून घ्या.

सामान निवडताना एकच प्रश्न विचारा: हे पाणी पितं का? पोर्सिलेन टाइल स्वतःच्या वजनाच्या जास्तीत जास्त ०.५ टक्के पाणी शोषते. घरातल्या भिंतीसाठी केलेल्या साध्या चकाकीच्या टाइल १० टक्क्यांहून अधिक शोषू शकतात. जिथे बर्फ पडतं तिथे ते पाणी आत गोठून टाइल फोडतं. काच पाणी पीत नाही, ऊनपावसात रंगही टिकवते. फुटक्या कपबश्यांत चिनीमाती चालते, कच्च्या भट्टीची मातीची भांडी नाही.

सत्राच्या दिवशी

पहिल्या दहा मिनिटांत पूर्ण आराखडा दाखवा आणि आज बसलेल्या प्रत्येकाचा भाग त्यात कुठे आहे ते बोट ठेवून सांगा. पुढची दहा मिनिटं कापण्याची तालीम. मग कामाला सोडा. तुम्ही स्वतः मात्र लावायला बसू नका. एक माणूस टेबलाभोवती फिरता असायलाच हवा. फटी खूप रुंद होतायत का, तुकडे एकमेकांवर चढतायत का, डिंक जास्त होतोय का, हे त्याने बघायचं. सुधारायचं असेल ते डिंक ओला असताना, त्या माणसाच्याच हातून सुधारून घ्या. तो निघून गेल्यावर त्याचं काम उपटून नव्याने लावणं मला मान्य नाही. निसटणारा तुकडा किंवा धारदार कड असेल तर तेवढीच दुरुस्त करा. थोडी वाकडी रांग असेल तर ती त्या माणसाची आहे, तिला हात लावू नका.

एकदा एक आजोबा आले, हात थरथरत होते. सुरुवातीलाच म्हणाले, "मी फक्त बघतो." त्यांना मी पाण्याचा भाग दिला. तुकडा डिंकावर टेकेपर्यंत थरथरायचा आणि कधी डावीकडे, कधी उजवीकडे कलून बसायचा. दीड तासात तळहाताएवढं काम झालं. ग्राउट भरल्यावर त्या पाण्यावर दिवा धरला, तेव्हा प्रत्येक तुकडा वेगळ्या कोनातून चमकत होता आणि त्या एवढ्याशा जागेत पाणी खरंच हलत होतं. इटलीतल्या राव्हेन्नाच्या पाचव्या आणि सहाव्या शतकातल्या मोझेकमध्ये कारागिरांनी सोनेरी तुकडे मुद्दाम असेच तिरके बसवले आहेत, उजेड फुटावा म्हणून. काम वाटताना हाताकडे बघा. स्थिर हाताला कड द्या, थरथरत्या हाताला पाणी, घाई करणाऱ्याला मोठे तुकडे आणि चिकाटीच्या मुलाला माशाचा डोळा.

नोंदवही ठेवा. तारीख, भागाचा क्रमांक, कोणी लावला. नाव लिहायचं नसेल त्याला एखादी खूण काढू द्या. जाळी टेबलावरून उचलायच्या आधी प्रत्येक भागाचा फोटो काढा.

भिंतीवर चढवणं

आदल्या दिवशी सगळे भाग जमिनीवर क्रमाने मांडून बघा. हरवलेला किंवा उलटा भाग इथेच सापडतो, शिडीवर सापडला तर फार उशीर झालेला असतो. भिंतीवर लेव्हल धरून एक आडवी आणि ओळंब्याने एक उभी रेघ मारा. सर्वांत खालच्या रांगेखाली लाकडी पट्टी ठोका, म्हणजे ओला मसाला घसरणार नाही.

मसाला एका वेळी दोनतीन भागांपुरताच लावा. आधी एका कडेला दात असलेल्या थापीच्या सपाट बाजूने पातळ थर घासून बसवा, मग ६ मिलिमीटर दातांच्या बाजूने सरळ ओळी ओढा. तुकडे फार बारीक असतील तर दातही बारीक घ्या, नाहीतर मसाला फटींतून वर येऊन ग्राउटला जागा उरत नाही. भाग टेकवा, लाकडी फळीने हलके ठोकून एका पातळीत आणा. पहिला भाग लगेच एकदा उचलून पाठ बघा. मसाला सगळीकडे लागलेला असेल तरच पुढे जा. सांध्यांवर रिकामी राहिलेली जागा सुटे तुकडे कापून तिथल्या तिथे भरा. हे काम कंटाळवाणं आहे, पण सांधा दिसणार की नाही ते यावरच ठरतं. निदान २४ तास हात लावू नका, दमट हवेत त्याहून जास्त.

ग्राउट

ग्राउटचा रंग पूर्ण चित्र बदलून टाकतो. पांढरं ग्राउट प्रत्येक तुकड्याभोवती चौकट आखतं आणि रंग फिके पाडतं. मध्यम करडं बहुतेक चित्रांना मानवतं. गडद करडं किंवा काळं घेतलं तर रंग आतून उजळल्यासारखे दिसतात, पण वाकड्या फटीही दिसतात. अंदाजावर जाऊ नका. उरलेल्या तुकड्यांचे तीन छोटे नमुने करून त्यात तीन रंग भरून वाळवा आणि मग ठरवा. फट ३ मिलिमीटरहून रुंद असेल तर वाळू असलेलं ग्राउट घ्या, नाहीतर ते आकसून तडकतं.

या दिवशी सगळ्यांना बोलवा. हातमोजे घालून ग्राउट चोळणं लहानांपासून थोरांपर्यंत सगळ्यांना आवडतं. मोजे मात्र सक्तीचे, सिमेंटने कातडी भाजते. मळलेल्या कणकेपेक्षा थोडं सैल कालवा, रबरी थापीने फटींना तिरकं ओढत दाबून भरा. चित्र पूर्ण झाकलं गेल्यावर काही जण घाबरतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. पंधरा वीस मिनिटांनी, बोट लावल्यावर ठसा उठत नाही अशी वेळ आली की घट्ट पिळलेल्या स्पंजाने गोल गोल पुसा. स्पंजात पाणी जास्त असेल तर ग्राउट फटीतून धुऊन निघतं. राहिलेली पांढुरकी झाक वाळल्यावर कोरड्या फडक्याने घासली की रंग एकेक करून वर येतात. लोक तेव्हा गप्प होतात, मी हे दरवेळी बघितलं आहे. नंतर दोनतीन दिवस ग्राउट उन्हापासून झाकून हलकं ओलसर ठेवा.

प्रदर्शन मांडताना

भिंतीवरच्या कामासोबत, किंवा भिंत मिळत नसेल तेव्हा त्याऐवजी, प्रदर्शन भरवता येतं. सर्वांत सोपा प्रकार म्हणजे प्रत्येकाला एकाच मापाचा, समजा १५ × १५ सेंटिमीटरचा बोर्ड द्यायचा, एक विषय आणि एक समान रंग ठरवून द्यायचा आणि सगळे बोर्ड शेजारी शेजारी जाळीसारखे लावायचे. तो समान रंग नसेल तर मांडणी बाजारातल्या पथारीसारखी विखुरते. असेल तर शंभर वेगळे हात एका भिंतीवर सुखाने नांदतात.

मोझेक चित्रासारखं खिळ्यावर टांगू नका. तिरक्या कापलेल्या दोन लाकडी पट्ट्या, एक भिंतीला आणि एक बोर्डाच्या पाठीला, एकमेकींत अडकवल्या की वजन पूर्ण रुंदीवर वाटलं जातं. दिवा समोरून टाकला तर पृष्ठभाग सपाट दिसतो आणि काच डोळ्यांवर चकाकते. वरून तिरका, बाजूने घासत जाणारा उजेड टाका. वाहतुकीत मोझेक काचेसारखं उभं ठेवा, आडवं ठेवलं तर बोर्ड वाकून ग्राउट तडकतं. कोपऱ्यांना फोम बांधा.

चिठ्ठीवर करणाऱ्याचं नाव, सामान, पद्धत आणि माप लिहा. फुटकी बशी कोणाची होती, हे कोणाला सांगायचं असेल तर त्याला एक ओळ द्या. त्या ओळी लोक थांबून वाचतात. तयार कामाशेजारी आराखडा, क्रमांक लिहिलेली प्रत, एक रंगाचा डबा आणि अर्धवट लावलेली जाळी ठेवा. आणि एक भाग "हात लावा" असं लिहून स्पर्शासाठी मोकळा ठेवा, कडा नीट घासून. ज्यांना दिसत नाही त्यांना बोटांनी वाचता येईल अशा थोड्या कलांपैकी ही एक आहे, आणि दालनातल्या "स्पर्श करू नका" या पाट्यांमुळे आपण तीही त्यांच्यापासून तोडतो.

जागा असेल तर कोपऱ्यात एक टेबल मांडा, येणाऱ्या प्रत्येकाने एक तुकडा लावावा. डिंक, जाळी, एकच रंगाचा डबा आणि लक्ष ठेवायला एक माणूस एवढंच लागतं. प्रदर्शन संपेपर्यंत एक नवा भाग तयार होतो.

भिंतीवर चढल्यानंतर

वर्षातून एकदा, पावसाळा किंवा हिवाळा सरल्यावर, मोझेकवरून पेर वाजवत जा. बद्द आवाज आला तिथे खडूने खूण करा आणि ग्राउटला तडा आहे का ते बघा. तड्यातून पाणी आत गेलं की पुढचं नुकसान झपाट्याने होतं, म्हणून केसाएवढी भेगही लगेच भरा. साफ करायला साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. ॲसिड अजिबात नको, ते सिमेंटचं ग्राउट खातं.

प्रत्येक रंगाचे मूठभर तुकडे, ग्राउटच्या रंगाचा क्रमांक, क्रमांक लिहिलेला आराखडा, भागांचे फोटो आणि नोंदवही, हे सगळं एका डब्यात घालून ज्या संस्थेची भिंत आहे तिच्याकडे सोपवा आणि डब्यावर भिंतीचं नाव लिहा. कधीतरी एखादा तुकडा पडेल. तेव्हा नोंदवहीत तो भाग कोणी लावला होता ते बघा आणि माणूस सापडला तर नवा तुकडा लावायला त्यालाच बोलवा.